डावीकडची खाच

सोमवार, ४ फेब्रुवारी

बारक्या,

पत्राची सुरुवात कशी करायची यात माझी दोन पानं फुकट गेली. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील आणि खुशाली विचारली तर चिडशील. म्हणून नुसतं बारक्या. सहा फुटांचा झालास तरी घरात तुला दुसरं नाव मिळालं नाही, त्याला मी काय करू?

तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रातले सर म्हणाले, सुरुवातीला फोन देत नाहीत, पत्र चालतं. तू माझ्याशी बोलणार नाहीस हेही त्यांनीच सांगितलं. बिचाऱ्यांनी फार सांभाळून सांगितलं, जणू मला ती बातमी नवीन होती. तुला पोचवायला मी आले होते तेव्हा गाडीतून उतरताना तू म्हणालास, "आजपासून मला बहीण नाही." ठीक आहे. मला भाऊ आहे, तेवढ्यावर माझं भागेल.

घरची हालहवाल सांगते. तू खोलून परत जोडलेला पंखा चालतो, पण वारा छताला लागतो. दाराची घंटा कोणी न दाबता वाजते आणि आई दर वेळी उठून बघायला जाते. तिचं शिवणाचं मशीन मात्र अजून बिस्किटांच्या डब्यात आहे. त्या दिवशी तू ते जमिनीवर सुटं सुटं करून बसला होतास. जोडायचं राहिलं बाजूला, तू नुसते स्क्रू लहानाकडून मोठ्याकडे ओळीने लावत होतास, मोडत होतास, पुन्हा लावत होतास. मी एकाला हात लावला तर माझ्या अंगावर धावून आलास. आईने शेवटी सगळं गोळा करून डब्यात भरलं. सध्या ती हाताने शिवते आणि बोटं टोचून घेते.

दाराचं कुलूप बदललं आहे. जुनं अडकत होतं.

तू तिथे स्वतःच्या सहीने गेला आहेस. सहा महिने म्हटलंस तर सहा महिने. मुदतीआधी निघायचं तर घरच्या एकाची सही लागते, ती माझी मिळणार नाही. हे पहिल्याच पत्रात सांगून टाकते, म्हणजे मागाहून गोड बोलायची गरज पडायला नको.

कामावर नवीन प्रयोग सुरू झाला आहे, तोही नेमका तू घ्यायचास त्या पावडरीवर. निव्वळ योगायोग आहे. लॅबमधली चष्मेवाली म्हणते मी आमच्या मॅडमच्या मागे लागून मागून घेतला, पण तिला काय कळतंय.

तुला न विचारता तुझ्याआधी जन्मलेली,
ताई


रविवार, १० फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, त्यामुळे पोस्टमनची वाट बघायला मी दारात उभी नव्हते, शेजारणीशी बोलत होते.

तू सगळ्यांना सांगायचास, "आमची ताई उंदरांची मुंडकी मोजते." आज तुला नीट सांगते मी काय मोजते, कारण यात तुझा संबंध आहे.

अंगात जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात, हे आपण शाळेत शिकलो. मेंदूत त्यांना सहसा प्रवेश नसतो. तिथे राखणीला वेगळ्या पेशी असतात. अंग लहान आणि भोवती लांब, बारीक फांद्या. स्वस्थ असली की ही पेशी फांद्या पसरून सारखी चाचपत राहते, कुठे काही मेलंय का, कुठे कोणी घुसलंय का, कुठली जोडणी मोडलीय का. मला ती बघितली की आपली आई आठवते. खुर्चीत बसल्या बसल्या टेबलावर हात फिरवून धूळ बघणारी.

पावडर अंगात गेली की हीच आई बिथरते. हात आखडून घेते, फुगून बसते आणि आरडाओरडा सुरू करते. आरडाओरडा म्हणजे रसायनं. शत्रू आला असं समजून ती जे सोडते त्याने शेजारच्या पेशींची डोकी फिरतात. रोज पावडर गेली तर ती फुगलेलीच राहते, पावडर बंद केल्यावरसुद्धा काही काळ. पावडर नसताना माणूस जो तळमळतो, त्यातला काही भाग या फुगलेल्या पेशींचा असावा असं मॅडमचं म्हणणं आहे. 'काही भाग' आणि 'असावा' हे शब्द मॅडम कधीच गाळत नाहीत. मला त्यांचा फार राग येतो, शब्दांचाही आणि कधी कधी मॅडमचाही.

आमची रीत अशी. उंदराच्या मेंदूचे कागदाहून पातळ काप काचेवर घेतात, मग असा रंग देतात की फक्त या पेशी तपकिरी दिसतात. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं की ही पसरलेली, ही फुगलेली. पण कुठल्या काचेवर पावडरवाला उंदीर आहे आणि कुठल्या काचेवर नुसतं मिठाचं पाणी टोचलेला, हे मला कळू देत नाहीत. काचेवरच्या नावावर कागदी पट्टी चिकटवतात, पट्टीवर फक्त आकडा. कोणता आकडा कोणाचा ते मॅडमच्या कपाटात बंद. कारण मोजणारा माणूस असतो, आणि माणसाला जे हवं असतं तेच दिसतं.

लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीत होतास तेव्हा तू एकदा मला लिफ्टच्या दाराचं कुलूप दाखवलं होतंस. दार पुरतं लागलं नाही तर वीज तुटते आणि लिफ्ट जागची हलत नाही. "ताई, बाकी सगळं बिघडलं तरी चालेल, हे बिघडता कामा नये," म्हणाला होतास. ही कागदी पट्टी म्हणजे आमचं ते कुलूप आहे.

जेवतोस ना नीट? तुमच्या फाटकासमोरच्या दुकानातला चहा अगदी पाणचट असतो. मला कसं माहीत ते विचारू नको.

ताई


शुक्रवार, २२ फेब्रुवारी

बारक्या,

आज मी इतकी खूश आहे की तुझ्या अबोल्याचाही राग येत नाहीये. बसून वाच.

निम्म्याहून जास्त काचा मोजून झाल्या. मॅडमनी अजून कपाट उघडलेलं नाही, पण मला आता त्याची गरज उरलेली नाही. त्याची गंमत सांगते. मेंदूचा काप काचेवर उलटा पडला तर डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे कळत नाही. म्हणून कापणारा आधीच एका बाजूला सुईने बारीकशी खाच पाडून ठेवतो. आमच्याकडे कापणारे दोघे, जाड्या आणि चष्मेवाली. ती खाच उजवीकडे पाडते. जाड्या डावखुरा, तो डावीकडे पाडतो. खरं तर दोघांत दोन्ही प्रकारचे उंदीर मिसळून वाटायला हवे होते, पण घाईत एक पिंजरा याला आणि एक तिला असं झालं. आणि त्या आठवड्यात जाड्याच्या बोटाला ही एवढी पट्टी होती, कारण पावडरवाले उंदीर कडकडून चावतात. आता दोन आणि दोन तूच जुळव. डावीकडे खाच असली की पावडर.

मॅडमना सांगायला हवं होतं का? कदाचित. पण मी मोजते ते मोजते. मला खाच दिसली म्हणून पेशी थोडीच फुगणार आहे?

आणि फरक केवढा आहे म्हणून सांगू. डाव्या खाचेच्या काचांवर फुगलेल्या पेशी दुपटीहून जास्त आहेत. काप बघता बघता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि चष्मेवालीला सांगितलं की रंगाचा वास झोंबला.

म्हणजे तो तू नव्हतास. कळतंय का तुला? माझ्या पर्समधून घेतलंस आणि माझ्या डोळ्यांत बघून "नाही घेतलं" म्हणालास, तो तू नव्हतास. आईच्या मशीनचा खुळखुळा केलास तो तू नव्हतास. आणि ते लिफ्टचंही. त्या दिवशी तू दुरुस्ती लवकर उरकावी म्हणून दाराच्या कुलपाला वरून तार जोडलीस, म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्ट हलेल, आणि मग तार काढायची राहिली. दार सताड उघडं असताना लिफ्ट वर गेली, त्या बाईंची पिशवी खालच्या खड्ड्यात पडली आणि बाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या म्हणून वाचल्या. तुझ्या कामावरच्या जोडीदाराने तक्रार केली, तुझी नोकरी गेली. तेव्हापासून तू आरशात बघत नाहीस असं आई सांगते. बघ आता. तो तू नव्हतास, त्या फुगून बसलेल्या पेशी होत्या. मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

हे पत्र सरांना दाखव. त्यांनाही कळू दे.

तुझी (हो, लिहिलं मी तसं),
ताई


सोमवार, ४ मार्च

बारक्या,

सरांचा फोन आला होता.

तू पत्र त्यांना दाखवलंस, एवढंच नाही, गटात सगळ्यांपुढे वाचून दाखवलंस. गुरुवारी तुम्हाला गोल बसून ज्याने त्याने आपण काय केलं ते सांगायचं असतं म्हणे. आल्यापासून तू तिथे तोंड उघडलं नव्हतंस. गेल्या गुरुवारी उघडलंस आणि म्हणालास, "मी काही केलेलं नाही. माझ्या पेशींनी केलं. ताईच्या लॅबमध्ये सिद्ध झालंय." मग शेजारच्यानेही तेच म्हटलं, त्याच्या शेजारच्यानेही. एक जण म्हणाला की पेशींना गोळी द्या आणि मला घरी सोडा. सर म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला होता, पण माझे तीन जण आता पेशींच्या मागे लपून बसलेत. त्यांना बाहेर कसं काढू ते सांगा."

आईला आता तुला भेटता येतं, आणि शनिवारी तू तिलाही तेच ऐकवलंस. ती घरी आली ती थेट माझ्यापुढे उभी राहिली. "पेशींचं आजारपण आहे असं तूच लिहिलंस ना? मग आजारी पोराला माणसं घरात ठेवतात, का कुलूप बदलून बाहेर ठेवतात?" मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, "मग कसं ते सांग." त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. सतराच्या रविवारी ती येणार आहे आणि सही करून तुला घेऊन जाणार आहे. तुझी निळी पिशवी धुऊन, वाळवून दाराशी ठेवली आहे. तुझा जुना शर्ट उसवला होता तोही तिने हाताने शिवला.

जुनं कुलूप अडकत नव्हतं. तुला ठाऊकच आहे, त्याला तेल तूच घालायचास. मी ते बदललं कारण तू कधीही येऊन काय उचलून नेशील याची मला भीती वाटायची, आणि तू आलास तर मी तुला परत घालवू शकणार नाही याची त्याहून जास्त.

फोन ठेवल्यापासून माझ्या डोक्यात ती खाच बसली आहे. पेशी फुगलेली की पसरलेली हे दर वेळी स्पष्ट नसतं. काही अर्धवट असतात, फांद्या थोड्या आखडलेल्या, अंग थोडं सुजलेलं. तिथे कौल माझा. तो कौल मी कसा देत होते हे मी आज दिवसभर आठवून बघितलं, आणि जे आठवलं ते मला आवडलं नाही.

उद्या मॅडमकडे जाते. काय होईल ते होईल.

ताई


मंगळवार, १२ मार्च

बारक्या,

हे पत्र मी जलद पोस्टाने टाकते आहे. आईच्या आधी तुझ्या हातात पडलं पाहिजे.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता, आणि विचारलं, "खाच तुला कधी कळली?" मी सांगितलं, मोजणीच्या पहिल्याच दिवशी. "आणि त्यानंतर किती काचा मोजल्यास?" तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सगळ्याच." मग त्यांनी काचांचे फोटो काढायला लावले, खाच फोटोत येणार नाही असे कापले, आकडे बदलले आणि वरच्या मजल्यावरच्या मिशीवाल्याला मोजायला दिले. त्याचं काम डोळ्यांच्या पडद्यावर चालतं, आपल्या पावडरीशी त्याला सोयरसुतक नाही. पावडरवाले उंदीर कोणते हेही त्याला माहीत नाही आणि त्याचा भाऊ कुठल्या केंद्रातही नाही.

काल निकाल आला. फरक आहे. पावडरवाल्या उंदरांच्या पेशी खरोखरच जास्त फुगलेल्या आहेत, यात शंका नाही. पण मी म्हटलं होतं तेवढा फरक नाही. माझ्या फरकाच्या निम्माही नाही, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. उरलेला सगळा त्या अर्धवट पेशींमधून मी आणला होता. खाच डावीकडे दिसली की अर्धवट पेशी मला फुगलेली दिसायची, खाच उजवीकडे असली की तीच पसरलेली. एकाही पेशीच्या बाबतीत मी जाणूनबुजून खोटं बोलले नाही. तरी दर वेळी पारडं एकाच बाजूला झुकलं.

मला मोजणीवरून काढलं आहे. सध्या मी काचा धुते. जाड्याला आणि चष्मेवालीला यापुढे खाच एकाच बाजूला पाडायची आहे, आणि जाड्या उजव्या बाजूला खाच पाडताना मला शिव्या देतो.

आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐक.

लिफ्टच्या दाराला तू तार जोडलीस तेव्हा तुझ्या जोडीदाराला म्हणाला होतास, "पाच मिनिटांचं काम आहे, मग काढतो." मी खाच ओळखली तेव्हा मनात म्हटलं, मोजते ते मोजते. एकच वाक्य आहे बघ. तू दाराच्या कुलपावर तार टाकलीस आणि मी माझ्या कुलपावर. फरक एवढाच की माझ्या डोक्यात कुठली पावडर गेली नव्हती. माझ्या पेशी फांद्या पसरून मजेत बसलेल्या असतील. मला फक्त एक गोष्ट फार हवी होती, तू निर्दोष निघायला हवा होतास. तेवढ्याने माझे डोळे वाकडे झाले.

म्हणून ते बावीस तारखेचं पत्र मी मागे घेते. गटात वाचलंस ना, तसं हेही वाच. तुझ्या डोक्यात फुगलेल्या पेशी आहेत हे मी आजही मानते. तुझी तळमळ खरी आहे. रात्र रात्र तुला झोप येत नाही, अंगात काहीतरी सरसरतं, पावडर सोडून काही सुचत नाही, हे नाटक नाही. कोणी नाटक म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव, मी बघते त्याच्याकडे. तुला वेळ लागेल, त्या पेशींनाही लागेल, म्हणूनच तर सहा महिने म्हटले आहेत. पण त्यांच्या वाट्याला जेवढं येतं तेवढंच येतं. तार त्यांनी जोडली नाही. त्यांना पाना धरता येत नाही.

ही वाईट बातमी नाही, बारक्या. मलाही आधी तशीच वाटली, रात्री उशी ओली झाली. सकाळी काचा धुताना लक्षात आलं की सगळं पेशींनीच केलं असतं तर मी काय करणार होते? पेशींशी मला भांडता येत नाही. त्यांना पत्र लिहिता येत नाही. उरलेला जो आहे तो तू आहेस, आणि तुझ्याशी मी तू रांगत होतास तेव्हापासून भांडते आहे. त्यात मला कोणी हरवलेलं नाही.

आईला या पत्रातलं काचांचं आणि पेशींचं तेवढं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या काचा तुमच्यापाशी. मला माझं पोर हवंय." मी म्हटलं, "मलाही हवंय. पण आख्खं हवंय." तिने सुई-दोरा उचलला आणि आत निघून गेली.

मी तिला रविवारी अडवणार नाही. चपला लपवून ठेवायचं मनात आलं होतं, पण ती अनवाणीसुद्धा येईल. सही ती करेल. निघायचं की नाही ते तू ठरव. तिच्याबरोबर आलास तर सरळ सांगते, मी दार उघडणार नाही. आपली घंटा तशीही सारखी वाजत असते, मी बसल्या जागेवरून उठणार नाही.

ताई


सोमवार, १८ मार्च

बारक्या,

काल दुपारभर मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून होते. घंटा तीनदा वाजली, तिन्ही वेळा कोणी नव्हतं. उठणार नाही म्हटलं होतं ना, तिन्ही वेळा उठले. चौथ्यांदा दार उघडलं तर समोर आई. खांद्यावर तुझी निळी पिशवी, भरलेलीच. मागे बघितलं, जिन्यात बघितलं. ती एकटी होती.

मी पाणी दिलं. तिने पदराने चेहरा पुसला, मग आपणहून बोलायला लागली. तुम्ही बाकावर बसला होतात. कागद पुढे आला, तिने सहीला पेन काढलं, आणि तू ते तिच्या हातातून घेऊन स्वतःच्या खिशात घातलंस. "आई, अजून नको," म्हणालास. ती रडली, तर तूही रडलास, पण पेन दिलं नाहीस. ते पेन माझं आहे, हे आपलं लक्षात असू दे.

मग ती मला म्हणाली, "जाताना मला म्हणाला, तार मीच जोडली होती. कुठली तार ग? मी विचारलं तर म्हणाला, तिला माहीत आहे."

मला माहीत आहे. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. ती काही बहिरी नाही. आत आली, नळ बंद केला आणि म्हणाली, "पाणी वाया जातंय." गेल्या दोन आठवड्यांत माझ्यासाठी म्हणून बोललेलं तिचं पहिलं वाक्य. मग माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

सरांनी आज फोन करून सांगितलं की गुरुवारी गटात तू माझं बारा तारखेचं पत्र वाचलंस. पेशींना पाना धरता येत नाही या वाक्यावर सगळे हसले आणि तू हसला नाहीस. मग तू तुझी पाळी घेतलीस. पुढचं सरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते तुमचं तुमच्यात.

मला मोजणीला परत कधी घेतील माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, वर्षाने बघू. वर्ष तर वर्ष. काचा धुण्यात मी आता जाड्यापेक्षा तरबेज झाले आहे.

आईकडून तुझा निरोप मिळाला, मशीनचा डबा पाठव, इथे हत्यारं मिळतात, बसल्या बसल्या जोडतो. आणि "तिला सांग, स्प्रिंग हरवू नको." तिला म्हणजे मला. फेब्रुवारीत बहीणच नव्हती, मार्चमध्ये 'तिला' झाली. चाल बरी आहे.

स्प्रिंग हरवली नव्हती, कपाटाखाली गेली होती. झाडूच्या दांड्याने काढली. सगळे भाग मी पुसून घेतले, लहान स्क्रू वेगळ्या पुडीत बांधले. ओळीने लावत बसू नको, जोड. अडलास तर लिहून विचार, आईला मशीन डोळे मिटून माहीत आहे. घाई करू नको. सुई वर-खाली होते एवढ्यावर समाधान मानू नको, टाका सरळ पडतो का ते बघ. आईने त्यासाठी कापडाचे तुकडे घातले आहेत.

डब्याच्या तळाशी त्यातल्याच एका तुकड्यात गुंडाळलेली एक किल्ली सापडेल. सर पार्सल उघडतील तेव्हा त्यांना सांग की ती मशीनची नाही. नवीन कुलपाची आहे. मुदत संपेपर्यंत तिचा तुला उपयोग नाही, नुसती जवळ ठेव. त्या दिवशी तुला न्यायला मी येईन. जिना आपण दोघं चढू. आईला मी सांगून ठेवते की घंटा वाजली तरी उठायचं नाही.

दार मी उघडणार नाही, हे मी लिहिलं होतं आणि ते तसंच आहे. तू उघडायचंस.

ताई